बिनतारी दुवा आणि पोलादी कपाट



आजचा विषय माझ्यासारख्या सेवानिवृत्त शिक्षकाच्या तोंडीं कदाचित् विचित्र वाटेल. दूरदर्शन-संचाच्या पाठीमागें बोटाएवढें एक यंत्र लावतात. घरांतील वाय-फायच्या द्वारें तें चित्र व आवाज ओढून आणतें आणि पडद्यावर दाखवितें. त्याला कोणी स्टिक म्हणतात. आमच्या घरीं 'काडी' हाच शब्द रूढ झाला आहे. ही काडी राउटरशीं बोलेनाशी झाली म्हणजे काय करावें, याविषयीं मी चार शब्द सांगणार आहें. हें ज्ञान मला पुस्तकांतून लाभलेलें नाहीं. तें मीं चुका करून मिळविलें, आणि त्या चुकांची किंमत दुसऱ्यानें दिली.

गेल्या आषाढी एकादशीची गोष्ट. भिवंडीच्या जुन्या वस्तींत आमचें घर आहे. भिंती जाड, खोल्या एकामागें एक. माझ्या थोरल्या भगिनी आमच्याकडेच असतात. वय ७८. पुष्कळ वर्षें त्यांनीं पायीं वारी केली. गुडघ्यांनीं ती सोडविली. पंढरपूरची शासकीय महापूजा पहांटेपूर्वींच होते. ती पाहण्यासाठीं ताई दोन वाजतां स्नान करून पडद्यासमोर बसतात. केबलची जोडणी आम्हीं काडी आल्यावर काढून टाकली होती, त्यामुळें सर्व भिस्त त्या बोटभर यंत्रावर.

त्या रात्रीं पडद्यावर आमच्या वाय-फायचें नांव दिसत होतें. जोडणी मात्र होईना. मीं खिशांतील मोबाइल काढून पाहिला. त्यावर चित्र उत्तम येत होतें. तेव्हां इंटरनेट चालू आहे, दोष काडीचा आहे, असा मीं निर्णय दिला. 'नेटवर्क विसरा' हा पर्याय दाबला, पासवर्ड पुन्हा घातला. इंग्रजी अक्षर लहान कीं मोठें यावरून दोनदां घोटाळा केला. शेवटीं चिडून राउटरच्या पाठीमागील बारीक भोकांत टांचणी खुपसून ती दाबून धरली.

दिवे विझले, पुन्हा लागले, आणि इंटरनेट आमच्या घरांतून साफ निघून गेलें. राउटर बंद करून चालू करणें वेगळें आणि तें भोंक दाबणें वेगळें, हें मला ठाऊक नव्हतें. त्या भोकानें राउटरची सारी स्मृति पुसली जाते. सेवा देणाऱ्यांनीं त्यांत घातलेलें आपलें नांव आणि पासवर्डहि जातो.

ताईंना मीं मोबाइलच्या तळहाताएवढ्या पडद्यावर महापूजा दाखविली. त्यांनीं तो डोळ्यांजवळ धरला, लांब धरला. "दिवे दिसतात रे," त्या म्हणाल्या, "मूर्ति कांहीं दिसत नाहीं."

दुसऱ्या दिवशीं माझा एक जुना विद्यार्थी आला. तो याच धंद्यांत आहे. त्यानें सर्व पूर्ववत् केलें व नम्रपणें म्हणाला, "गुरुजी, गणित चुकलें तर पाटी पुसूं नका, चूक कोणत्या पायरीला झाली तें शोधा, असें आपणच सांगत होतां."

ती पायरी अशी. काडीपासून राउटरपर्यंत एक रस्ता, आणि राउटरपासून बाहेरच्या जगापर्यंत दुसरा. कोणता तुटला हें आधीं ठरवावें. मोबाइलचा स्वतःचा डेटा बंद करावा, मगच परीक्षा घ्यावी. माझा मोबाइल त्या रात्रीं वाय-फाय सोडून सिमकार्डावर चालत होता, आणि मी त्याची साक्ष खरी मानली! डेटा बंद करून राउटरजवळ उभें राहावें. तेथेंहि कांहीं उघडेना, तर दोष बाहेरचा. फायबरच्या यंत्रावर 'लॉस' असा लाल दिवा लागला असेल, तर घरांत कांहींच करण्यासारखें नसतें, तक्रार नोंदवावी. राउटरजवळ चालतें आणि पडद्याजवळ चालत नाहीं, तर दोष घरांतला.

आमचा दोष घरांतलाच होता. एकादशीपूर्वींच्या साफसफाईंत आम्हीं पोलादी कपाट मधल्या भिंतीला लावलें होतें. आकाशवाणीच्या मध्यम लहरी सुमारें २०० ते ५५० मीटर लांबीच्या. त्यांना कपाटाची पर्वा नाहीं. वाय-फायची लहर २.४ गिगाहर्ट्झवर अवघी साडेबारा सेंटिमीटर, ५ गिगाहर्ट्झवर त्याच्या निम्म्याहूनहि कमी. लोखंडी पत्र्यावरून ती माघारी वळते. शिवाय आकाशवाणी एकतर्फी बोलते, येथें काडीलाहि उत्तर द्यावें लागतें. आमच्या गांवच्या यंत्रमागावर धोटा गेला कीं परत यावाच लागतो, तसेंच हें. राउटरचा मोठा आवाज काडीला ऐकूं येत होता, म्हणून नांव दिसे. काडीचा बारीक आवाज कपाटापलीकडे पोंचत नव्हता.

कपाट हलविलें. राउटर जमिनीवरून उंच फळीवर नेला. काडी संचाच्या धातूच्या पाठीमागें दडलेली होती. तिला वीतभर जोडतार लावून बाहेर काढली. तिला वीजहि संचाच्या यूएसबी खांचेंतून मिळत होती, ती अपुरी पडते. सोबत आलेला ॲडॉप्टर भिंतींत लावला. भिंतींतून जावयाचें तर २.४ बरा, परंतु दाट वस्तींत शेजाऱ्यांचे राउटर त्याच पट्ट्यांत गर्दी करतात, आणि मायक्रोवेव्ह चूलहि तेथेंच ढवळाढवळ करते. त्या पट्ट्यांत १, ६ व ११ हे तीनच चॅनेल एकमेकांवर चढत नाहींत. अमेरिकेहून नातलगांनीं आणलेली काडी असेल, तर एक निराळीच गंमत: आपला राउटर १२ किंवा १३ वर गेला, तर पुष्कळदां तिला तो दिसतच नाहीं. कांहीं संशय आला तर प्रथम राउटर बंद करावा, मिनिटभर थांबावें, चालू करून दिवे स्थिरावूं द्यावे, मग काडी चालू करावी. टांचणी दूर ठेवावी.

आतां चित्र स्वच्छ येतें. राउटरच्या त्या भोकावर ताईंनीं माझ्या मुलाकडून चिकटपट्टी लावून घेतली आहे, आणि येत्या कार्तिकीच्या आदल्या रात्रीं मीं त्या खोलींत पाऊल टाकूं नये, असें त्यांचें सांगणें आहे.