बँकेला विचारायचे प्रश्न

(आळंदी येथे बचत गटांच्या कार्यकर्त्यांसमोर केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आजच्या विषयाचं नाव फळ्यावर लिहिलंय, 'बँकेच्या व्यवहारातील सामाजिक व पर्यावरणीय जोखीम'. नाव वाचूनच काहीजणींनी माना खाली घातल्या. पण विषय आपलाच आहे. आपण बँकेत पैसे ठेवतो, बँक ते दुसऱ्याला कर्जाऊ देते. त्या कर्जातून कुणाचं नुकसान झालं, तर त्याचा जाब कुणी द्यायचा?

कर्ज देताना बँक जोखीम बघते म्हणजे काय बघते? आपलं कर्ज बुडेल का, एवढंच. तारण काय, जामीन कोण, मागचे हप्ते वेळेवर भरले का. कर्जावर उभ्या राहिलेल्या शेडमधलं पाणी नदीत गेलं किंवा तिथली बाई भाजली, तर बँकेच्या वहीत त्याची नोंद होत नाही. ही जोखीम बँकेच्या वहीबाहेरची माणसं उचलतात. त्यात बायका पुढे असतात.

इंद्रायणीचंच बघा. लोणावळ्याजवळ उगम पावलेली ही नदी देहू, आळंदी करत तुळापूरला भीमेला मिळते. वारीच्या दिवसांत नदीवर पांढरा फेस आला की फोटो छापून येतात, चार दिवस चर्चा होते. प्रक्रिया न झालेलं सांडपाणी, त्यातली डिटर्जंट आणि कारखान्यांचं रसायनमिश्रित पाणी यांतून हा फेस होतो. पाणी बिघडलं की जास्तीचे हेलपाटे कोण घालतं, घरातल्या पोरांची दुखणी कोण काढतं, हे तुम्हाला सांगायला नको. वारकरी स्नान करून जातो. काठावर राहणारीला बाराही महिने त्याच पाण्याशी गाठ असते.

आता साखळी समजून घेऊ. चाकणच्या मोठ्या कारखान्यात गाडी जोडली जाते. तिचे सुटे भाग व्हेंडरकडून येतात. व्हेंडर प्लेटिंग, पावडर कोटिंग, पॅकिंगची कामं आणखी छोट्या शेडला जॉब वर्कवर देतो. एकेका पायरीला दर कमी होत जातो. शेवटच्या शेडमध्ये पाण्यावर प्रक्रिया करायला पैसा उरत नाही आणि रोजंदारीवरच्या बाईच्या हजेरीची नोंदही धड नसते. वरच्या कंपनीला कर्ज देणारी बँक वरच्या कंपनीचा ताळेबंद बघते. त्या शेवटच्या शेडपर्यंत तिची नजर जात नाही.

ती न गेल्यानं काय होतं? ७ जून २०२१ रोजी मुळशी तालुक्यात उरवडे इथल्या रसायनाच्या कारखान्यात आग लागली. सतरा कामगार गेले, त्यातल्या बहुतेक बायका. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात, वाढदिवसाच्या केकवर लावायच्या फुलबाज्यांच्या मेणबत्त्या बनवणाऱ्या शेडमध्ये स्फोट होऊन आग लागली. तिथेही बळी पडलेल्या बहुतेक बायकाच. या घटना मी बँकांच्या माथी मारत नाही. कारखाना तपासणं हे सरकारी खात्यांचं काम आहे. पण कुठल्याही शेडला पैसा देताना बाहेर पडायला दुसरं दार आहे का, स्फोटक माल कुठे ठेवतात, परवाना आहे का, हे तीन प्रश्न विचारायला बँकेला कितीसा वेळ लागतो? यंत्राचं कोटेशन मागता, तसं हेही मागा.

बँकेनं असले प्रश्न विचारावेत ही मागणी नवी नाही. सरदार सरोवरासाठी जागतिक बँकेनं १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलरचं कर्ज मंजूर केलं. मणिबेलीसारख्या गावांतले आदिवासी, त्यांतल्या बायका, पाण्यासमोर उभ्या राहिल्या. अखेर बँकेला मोर्स यांच्या अध्यक्षतेखाली स्वतंत्र समिती नेमावी लागली. १९९२ च्या अहवालात समितीनं पुनर्वसन आणि पर्यावरण या दोन्ही बाबतींत गंभीर दोष दाखवले. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारनं उरलेलं कर्ज घेणं थांबवलं. त्याच वर्षी बँकेनं लोकांच्या तक्रारी ऐकण्यासाठी तपास मंडळ स्थापन केलं. धरण मात्र पुढे झालंच. बँकेनं हात काढून घेतला म्हणजे आपण जिंकलो, असं होत नाही, हेही त्यातून शिकायचं.

म्हणून मी 'प्रदूषण करणाऱ्याचं कर्ज बंद करा' अशी घोषणा देणार नाही. उद्या बँकेनं शेडला नाही म्हटलं, तर मालक सावकाराकडे जाईल, आणखी महाग व्याज भरेल आणि ते व्याज बायकांच्या मजुरीतून काढेल. किंवा शेड बंद पडेल आणि आपल्यातल्याच दहाजणी घरी बसतील. आपली मागणी आहे, अट घाला आणि अट पाळायला पैसाही द्या. पाणी शुद्ध करायच्या यंत्रणेसाठी, वायरिंग आणि दारांसाठी कमी व्याजाचं कर्ज द्या. मुदत द्या आणि मुदतीनंतर येऊन बघा.

बँकेनं स्वतःच्या घरातही बघायला हवं. शाखेत झाडलोट करणारी बाई ठेकेदाराची असते. किमान वेतन मिळतं का, हे बँक विचारत नाही. पण २०१३ च्या लैंगिक छळविरोधी कायद्यात कंत्राटी बाईही येते. बँकेच्या अंतर्गत समितीकडे ती तक्रार करू शकते. शेडमध्ये दहापेक्षा कमी माणसं असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं. हे तिला सांगायचं काम आपलं.

हातात आणखी एक साधन आहे. रिझर्व्ह बँकेनं २००७ मध्येच बँकांना सामाजिक जबाबदारी आणि शाश्वत विकासाबद्दल पत्रक पाठवलं होतं. सेबीच्या नियमानं २०२२-२३ पासून शेअर बाजारातल्या सर्वांत मोठ्या एक हजार कंपन्यांना, त्यात मोठ्या बँकाही आल्या, दरवर्षी अहवाल द्यावा लागतो. कायम किती, कंत्राटी किती, त्यात बायका किती, लैंगिक छळाच्या तक्रारी किती, हे त्यात लिहावं लागतं. पुरवठादारांची तपासणी केली का, हा रकाना मात्र ऐच्छिक ठेवलाय. नेमका आपल्या बायकांचा रकाना! तो सक्तीचा व्हावा आणि अहवालाचा सारांश मराठीत शाखेत लावावा, ही मागणी आपण ठरावात घेऊ.

पुढच्या महिन्यात गटाचे हप्ते भरायला जाल, तेव्हा दोघी-तिघी मिळून मॅनेजरसाहेबांना लेखी अर्ज द्या. इंद्रायणीकाठच्या कारखान्यांना कर्ज देताना तुम्ही प्रदूषण मंडळाचं संमतीपत्र बघता का? मुदत संपल्यावर पुन्हा मागता का? तुमच्या ठेकेदाराकडच्या बायकांना वेतनाची पावती मिळते का? कुठल्याही ग्राहकाची खाजगी माहिती आपण मागत नाही, बँकेची पद्धत विचारतो आहोत. अर्जाच्या प्रतीवर पोचेचा शिक्का घ्यायला विसरू नका.

आपला एक हप्ता चुकला तर सगळ्या गटाला जाब द्यावा लागतो. मग आपल्या पैशाचं काय होतं, हे विचारायचा हक्कही सगळ्या गटाचा आहे.