काचेवरचा बाण आणि रस्त्यावरचा माणूस



वसंत व्याख्यानमालेत कामगार संघटनेचा माणूस उभा राहिला, की तो पगार, बोनस आणि कामाचे तास यांवर बोलणार असे श्रोते धरून चालतात. आज मी तासांवर नव्हे, तर सेकंदाच्या दहाव्या हिश्शावर बोलणार आहे. तेवढ्या अवधीत रस्त्यावर काय घडते आणि त्याचा जाब शेवटी कोणाला विचारला जातो, हा माझा विषय आहे.

गाडी हाकताना मान खाली न घालता वेगाचा आकडा समोरच्या काचेतच दिसावा, अशी एक सोय निघाली आहे. तिला हेड-अप डिस्प्ले म्हणतात. मी नुसते 'दर्शक' म्हणेन. ही युक्ती लढाऊ विमानांतून आली. आपल्या 'तेजस' विमानाचा दर्शक चंडीगडच्या केंद्रीय वैज्ञानिक उपकरण संघटनेने घडविला. मोटारीत तो 1988 साली अमेरिकेत आला. 2022 साली आपल्याकडे मारुती सुझुकीच्या बलेनो गाडीत आला. आणि महिंद्रांच्या ज्या विजेच्या गाड्या नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर झाल्या व चाकणच्या कारखान्यात बनतात, त्यांत पुढच्या पायरीचा दर्शक आहे. वळणाचा बाण प्रत्यक्ष रस्त्यावरच रेखल्यासारखा दिसावा, ही ती पुढची पायरी.

विहिरीत डोकावले तर आपले तोंड पाण्यावर दिसत नाही, पाण्याखाली खोल दिसते. दर्शकाचेही तेच आहे. डॅशबोर्डखालच्या पेटीतले चित्र आरशांवरून काचेवर पडते आणि काचेच्या पलीकडे तरंगताना दिसते. साध्या दर्शकात ते दोन-अडीच मीटरवर दिसते. 2020 साली निघालेल्या मर्सिडीजच्या एका गाडीत ते सुमारे 10 मीटरवर नेले. वेगाचा आकडा जरा उशिरा बदलला किंवा बोटभर सरकला, तर फारसे बिघडत नाही. पण बाण रस्त्याला चिकटवायचा म्हटला, की दोन व्याधी उभ्या राहतात. एक उशीर, दुसरी ढळणे.

आधी उशीर पाहू. सेकंदाला 30 चित्रे घेणाऱ्या कॅमेऱ्याच्या एका चित्रालाच 33 मिलिसेकंद लागतात. मग चित्रातला रस्ता ओळखायचा, गाडीची जागा काढायची, बाण रेखायचा, तो उजळायचा. या साऱ्यांत 100 मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचा दहावा हिस्सा, सहज जातो. ताशी 72 किलोमीटर वेगाची गाडी सेकंदाला 20 मीटर जाते; म्हणजे एवढ्यात ती 2 मीटर पुढे गेलेली असते, आणि बाण वळणाच्या 2 मीटर पलीकडे दिसतो. गाडी वळत असेल तर आणखी कठीण. सेकंदाला 20 अंश वळणाऱ्या गाडीत 2 अंशांची चूक होते, आणि 30 मीटरवर तिचे मोल एक मीटर होते.

एक मीटर म्हणजे काय, हे आपल्या जिल्ह्याला सांगायला नको. ऊसतोडीला निघालेली कुटुंबे रात्री ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून जातात. अरुंद रस्त्यावर ट्रॉलीशेजारी उभा असलेला माणूस आणि मोकळी वाट यांत कित्येकदा तेवढेच अंतर असते. 'समोर माणूस आहे' असे दाखविणारी चौकट त्याच्या एक मीटर बाजूला पडली, तर ती नसलेली बरी. कारण ती चालकाची नजर खऱ्या माणसावरून काढून घेते.

यावर उपाय आहेत. पहिला उपाय वाट पाहणे कमी करण्याचा. कचेरीतली फाईल जशी काम होण्यापेक्षा टेबलावर पडून राहण्यातच जास्त दिवस घालवते, तसे यंत्रातही पुष्कळ मिलिसेकंद नुसत्या थांबण्यात जातात. दुसरा उपाय, प्रत्येक मोजमापावर वेळेचा शिक्का मारण्याचा. पत्रावर तारीख असली म्हणजे मजकूर किती शिळा आहे ते कळते. तिसरा उपाय अंदाजाचा. राखणदार गोफणीचा दगड पाखरू असते तिथे मारीत नाही, ते जिथे जाणार तिथे मारतो. गाडीचे वळणे आणि डोलणे सेकंदाला शेकडो वेळा मोजणारी उपकरणे असतात. त्यांच्या आधारे तयार झालेले चित्र अगदी शेवटच्या क्षणी योग्य जागी सरकवता येते. पण अंदाजालाही मर्यादा आहे. पुढचा खड्डा त्याला दिसत नाही. म्हणून आधी उशीर कमी करावा, आणि उरलेल्यापुरताच अंदाज बांधावा.

आता ढळणे. येथे गवंड्याचा ओळंबा आठवावा. पायाशी सूतभर चूक झाली, तर भिंतीच्या माथ्याशी ती हातभर होते. दर्शक अर्ध्या अंशाने तिरका बसला, तर 50 मीटरवर बाण सुमारे 44 सेंटीमीटर सरकतो. म्हणून फुटलेली काच बदलली की जुळणी पुन्हा तपासलीच पाहिजे. चालक उंच की ठेंगणा, यावरही बाणाची जागा बदलते. त्यासाठी डोळ्यांचा ठाव घेणारा छोटा कॅमेरा लागतो. काचेच्या बाकामुळे चित्र वेडेवाकडे होते, म्हणून ते मुळातच उलट वाकवून काढतात. शिवाय काचेला दोन पृष्ठे असतात, आणि दोन्हींवरून चित्र परततात. रात्री एस.टी.च्या खिडकीत एकच दिवा दोनदा दिसतो, तो याच कारणाने. त्यावर काचेच्या दोन थरांमधला पडदा वर जाड आणि खाली पातळ असा पाचरीसारखा करतात. मग दोन्ही चित्रे एकावर एक बसतात.

आणि एवढे करूनही यंत्राची खात्री नसेल, तर बाण फिका पडावा किंवा नाहीसा व्हावा. जाणत्याला माहीत नसले तर तो गप्प बसतो. यंत्रालाही तेवढी रीत शिकवता येते.

आता संघटनेच्या माणसाने यात का पडावे, ते सांगतो. जानेवारी 2024 च्या आरंभी देशभरच्या ट्रकचालकांनी संप केला, तो आपणांस आठवत असेल. भारतीय न्याय संहितेच्या कलम 106 मधील दुसऱ्या पोटकलमात, निष्काळजीपणाने वाहन चालवून मृत्यू घडविल्यावर खबर न देता निघून गेलेल्या चालकाला 10 वर्षांपर्यंत शिक्षा सांगितली होती. वाहतूकदारांशी बोलल्याशिवाय ते लागू करणार नाही, असे सरकारने सांगितले, आणि 1 जुलै 2024 रोजी संहिता लागू झाली तेव्हा तेवढे पोटकलम बाजूला ठेवले. माणसाला ठोकरून पळावे, असे कोणीही म्हणणार नाही. पण अपघातानंतर पहिला प्रश्न चालकालाच विचारतात, हे त्या संपाने साऱ्या देशापुढे मांडले. उद्या काचेवरच्या खोट्या बाणाने त्याची नजर चुकवली, तर तो ते कशाच्या आधारे सिद्ध करणार?

म्हणून तीन मागण्या मांडाव्यात असे मला वाटते. गाडी विकताना दर्शकाचा एकूण उशीर मिलिसेकंदांत लिहून द्यावा. काच बदलल्यावर जुळणी तपासल्याचा कागद चालकाच्या हाती द्यावा. आणि अपघाताच्या क्षणी दर्शकाने काय दाखविले व ते किती शिळे होते, याची नोंद गाडीत राहावी आणि ती चालकालाही मिळावी.

यंत्राला माझा विरोध नाही. नीट जुळलेला दर्शक चालकाची नजर रस्त्यावर ठेवतो, आणि त्या रस्त्यावर आपलीच माणसे चालत असतात. मात्र उशिराच्या प्रत्येक मिलिसेकंदाला कोणीतरी धनी असावा, आणि तो नेहमी चालकच असू नये.