वळकटी की तंबू?

ऑस्ट्रेलियाच्या अंतर्भागात उघड्यावर रात्र काढावयाची म्हटली की प्रवाशापुढे एक जुना प्रश्न उभा राहतो: बरोबर तंबू घ्यावा की ‘स्वॅग’? स्वॅग म्हणजे आपली वळकटीच. मात्र तिचे आवरण जाड कॅनव्हासचे, आणि रात्री प्रवाशाने आत शिरून निजावयाचे.

१८५१ मध्ये बॅलरटला सोने सापडले, तेव्हा तेथे तंबूंचे गाव उठले. कारण खोदणाऱ्याला एका जागी ठाण मांडावयाचे होते. १८९० नंतरच्या मंदीत मेंढपाळीच्या एका ठाण्याहून दुसऱ्या ठाण्याकडे कामासाठी पायपीट करणाऱ्या मजुराला ही चैन कोठली? एकदोन कांबळी, त्यांत गुंडाळलेले चार कपडे आणि हाती चहाचे डबडे, एवढाच त्याचा संसार. या वळकटीला त्या काळी ‘माटिल्डा’ असेही म्हणत. बँजो पॅटरसनने १८९५ मध्ये क्वीन्सलँडात रचलेल्या ‘वॉल्ट्झिंग माटिल्डा’ या गीतातील माटिल्डा ती हीच. कोणी सुंदरी नव्हे!

गंमत अशी की, आज पारडे फिरले आहे. पादचाऱ्याची ती वळकटी फोमची गादी, जाळी, चेन आणि कमानी लेवून दहापंधरा किलोंची झाली आहे. मोटारीवाचून ती हलत नाही. उलट नायलॉनचा तंबू दोनएक किलोंवर येऊन पाठीवरच्या पिशवीत मावू लागला. तेव्हा पायी जाणाऱ्याने तंबूच घ्यावा.

मोटार असेल, तरच निवडीचा प्रश्न. एकटा प्रवासी, कोरडी हवा आणि रोज नवा मुक्काम असेल, तर वळकटीला तोड नाही. ॲलिस स्प्रिंग्जकडे हिवाळ्यात रात्रीचा पारा शून्याखालीही उतरतो; तेथे तिची ऊब मोलाची. परंतु तिच्यात केवळ निजता येते. उत्तरेकडील नोव्हेंबर ते एप्रिलच्या पावसाळी उकाड्यात तिच्यात जीव घुसमटतो. मुलेबाळे बरोबर असतील, तर बसण्याउठण्यास तंबूच हवा.

जागा चुकली, तर मात्र दोन्ही व्यर्थ. दूरच्या पावसाचा लोंढा कोरड्या नदीपात्रात अवचित येतो, आणि काठावरच्या जुन्या निलगिरीची फांदी वाऱ्यावाचूनही कोसळते.

नवी वळकटी प्रवासापूर्वी एकदा भिजवून वाळवावी. सुती धागे फुगून शिवणीची छिद्रे बुजतात. परतल्यावर तीच उन्हात पसरावी, नाहीतर श्वासाच्या ओलाव्यानेदेखील तिला बुरशी धरते.