पांढरा पट्टा

(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला फोनवर विचारलं, "तू इतकी वर्षं अमेरिकेत आहेस, नोकरीचं सोड, छंद काय करतोस ते सांग." मी म्हटलं, "लष्करांनी मोडीत काढलेल्या स्वस्त रायफली विकत घेतो, साफसूफ करतो आणि चालवतो." पलीकडे बराच वेळ शांतता होती. आज सकाळी चहाच्या वेळी आपल्या मराठीच्या बाईंनीही विचारलं, "अरे, शाळेत बंदुकांचं काय बोलणार तू?" बाईंचं बरोबर आहे. मी राहतो त्या देशात शाळा आणि बंदूक हे दोन शब्द एकत्र आले की आईबापांच्या पोटात गोळा येतो. पण बाई, रायफलचा पहिला धडा मला याच मैदानावर मिळाला, आणि त्या धड्यामुळे पुढे माझ्या घरावरचं एक मोठं संकट टळलं. तेवढंच सांगायला उभा आहे.

आपली एनसीसीची परेड आठवा. कोतातून रायफली मोजून निघायच्या, मोजून परत जायच्या. थ्री-नॉट-थ्री, चार किलोची. आपल्यातल्या काहींचं वजन तेव्हा तिच्या आठपटही नसेल. तिच्या लाकडावर पांढऱ्या रंगाचा पट्टा असायचा. त्याचा अर्थ विचारल्यावर उस्ताद म्हणाले होते, "डीपी. ड्रिल परपज. इसमें गोली डालेगा तो गोली आगे नहीं, पीछे आएगी." आपण हसलो. ते हसले नाहीत. त्यांनी एक रायफल उघडून नळीच्या मागच्या भागात, जिथे काडतूस बसतं तिथे, मुद्दाम पाडलेलं भोक आपल्या प्रत्येकाला बोट लावून बघायला लावलं. पस्तीस मुलं रांगेत, ऊन डोक्यावर, आणि मी मनात म्हणत होतो, हे कधी संपणार!

आता छंदाकडे येतो. या रायफली स्वस्त का मिळायच्या? युद्धं संपतात, नवी हत्यारं येतात आणि गोदामात लाखो जुन्या रायफली उरतात. सरकारं त्या घाऊक भावाने विकतात. अमेरिकेत १९५०-६० च्या दशकात त्या टपालाने घरी यायच्या. राष्ट्राध्यक्ष केनेडींवर झाडलेली इटालियन रायफलही अशीच, टपालाने मागवलेली. १९६८ च्या कायद्याने टपालाची विक्री आणि लष्करी रायफलींची आयात बंद केली. १९८० च्या दशकात जुन्या, संग्राह्य हत्यारांपुरती आयात पुन्हा सुरू झाली. मग सोव्हिएत संघ कोसळला आणि रशियन मोसिन-नागांतचा पूर आला. कोट्यवधी बनलेली ही रायफल. माझी पहिली मला शंभर डॉलरच्या आत मिळाली. त्या किमतीत तिकडे चांगले बूटही येत नाहीत.

ती आली तेव्हा कॉस्मोलीन नावाच्या घट्ट, पिवळट ग्रीसमध्ये बुडालेली होती. गोदामात गंज लागू नये म्हणून तसं करतात. लोखंडी भाग उकळत्या पाण्याने धुतले. लाकूड काळ्या प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून भर उन्हात गाडीत ठेवलं, म्हणजे आतलं ग्रीस घामासारखं बाहेर येतं. गाडीला महिनाभर वास येत होता. बायको म्हणाली, "शंभर डॉलरची रायफल आणि दोनशे डॉलरचा त्रास!"

पुढची चूक सर्वस्वी माझी. त्या रायफलसाठी तेव्हा लष्करी जुनी काडतुसं मिळायची, पत्र्याच्या डब्यात ४४०. त्यांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असतं. बार झाल्यावर त्याचं पोटॅशियम क्लोराईड होतं, म्हणजे एक प्रकारचं मीठच. ते नळीत बसतं आणि हवेतलं पाणी ओढतं. मी महागडं तेल लावून रायफल ठेवली. मीठ तेलात विरघळत नाही, पाण्यात विरघळतं. आठवड्याने नळीत डोकावलो तर आत तांबूस गंज! तेव्हा कॅम्प आठवला. उस्तादांनी थ्री-नॉट-थ्री झाडून झाल्यावर चहाच्या किटलीतलं उकळतं पाणी नरसाळ्याने नळीत ओतलं होतं. मग पुलथ्रूला चिंदी बांधून नळी कोरडी केली, आणि तेल सगळ्यात शेवटी. आपण पॉइंट-टू-टू झाडून वडापावकडे पळालो होतो. जे शिकायचं होतं ते किटलीत होतं.

दोन-तीन वर्षांनी एका प्रदर्शनात, टेबलावर, मला आपली रायफल दिसली. 'आपली' म्हणजे खरोखर आपली. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्यात बनलेली, मुकुटाखाली जी. आर. आय. ही अक्षरं, साल १९४३. ईशापूरची एक खूण सांगतो. पुढच्या लाकडाला तडा जाऊ नये म्हणून त्यातून एक आडवा स्क्रू आरपार घातलेला असतो. माझा हात आपोआप त्या स्क्रूवर गेला. ही रायफल दुसरं महायुद्ध लढली. १९६२ साली आपले जवान हिच्याच जातीच्या रायफली घेऊन चिन्यांसमोर उभे राहिले. २००८ च्या नोव्हेंबरात मुंबईच्या टर्मिनसवर पोलिसांच्या हातातही थ्री-नॉट-थ्रीच होती. भारतात सामान्य माणसाला ही बोअर बाळगायला बंदी आहे. आणि तिकडे ती माझ्यासमोर, बाकीच्यांपेक्षा कमी किमतीत, नव्याकोऱ्या वॉर्निशने चकाकत होती. त्याच टेबलावर एका डब्यात काही सुटी काडतुसं होती. एक उलटं करून बुडाकडे पाहिलं तर के. एफ. म्हणजे आपली खडकी! शाळेतून सायकलवर जाता येईल अशा ठिकाणी बनलेलं काडतूस मला ओहायोत भेटलं. मी ते उडवलं नाही, आठवण म्हणून ठेवलंय. रायफल मात्र ताबडतोब घेतली. आपल्या माणसाला भेटल्यावर कोण घासाघीस करतं?

जुनी रायफल झाडण्याआधी एक तपासणी करायची असते. बोल्टचं तोंड आणि काडतुसाची कड जिथे टेकते ती नळीची मागची बाजू यांच्यात जागा किती राहते ते गेजने मोजायचं. थ्री-नॉट-थ्रीसाठी लष्करी मोजमाप एका इंचाचे ६४ ते ७४ सहस्रांश. जागा जास्त झाली तर पितळी काडतूस फाटू शकतं. मी गेज लावला, मोजमाप बरोबर आलं. रविवारी मुलाला घेऊन रेंजवर जायचं ठरलं. तो चौदा वर्षांचा होता. पहिली गोळी मी झाडीन म्हणून तो हट्ट धरून बसला होता, आणि मी हो म्हटलं होतं.

शुक्रवारी रात्री मला ते वॉर्निश खुपायला लागलं. लष्करी लाकडाला जवसाचं तेल लावतात, वॉर्निश नव्हे. म्हटलं, दस्त्यावरचं तरी काढून टाकू. फडक्याने पुसत गेलो तशा लाकडाच्या रेषांमध्ये पांढऱ्या कणांची एक ओळ दिसायला लागली. सरळ, दोन बोटं रुंद, दस्त्याला वेढा घालणारी.

मित्रहो, त्या क्षणी मी बेसमेंटमध्ये नव्हतो. मी या मैदानावर, रांगेत, उन्हात उभा होतो.

या रायफलचं पुढचं लाकूड उगाच काढू नये, नेम बिघडतो, असं जाणकार सांगतात. म्हणून मी आधी ते काढलंच नव्हतं. त्या रात्री काढलं. काडतूस बसतं तिथे, लाकडाने झाकलेल्या बाजूला, वेल्डिंगने बुजवून कानशीने गुळगुळीत केलेला एक गोल डाग होता. गेजला तो कळणं शक्यच नव्हतं, कारण गेज लांबी मोजतो, भोक नाही. बार होताना त्या जागेवर दर चौरस इंचाला चाळीस हजार पौंडांहून अधिक दाब येतो. आणि त्या जागेपासून वीतभर अंतरावर माझ्या मुलाचा गाल असणार होता.

सोमवारी बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराला दाखवली. त्याने डागावर नख फिरवलं आणि म्हणाला, "हिला भिंतीवर टांगा." विकणाऱ्याला पुढच्या प्रदर्शनात गाठलं. तो म्हणाला, मी घेतली तेव्हा अशीच होती. खरं असेलही. कोणीतरी, कुठेतरी, चार पैसे जास्त यावेत म्हणून पट्टा घासला, भोक बुजवलं आणि वर वॉर्निश मारलं. त्याच टेबलाशी एकाने मला सुचवलं, "तुम्हीही पुढे विकून टाका, पैसे तरी निघतील." खोटं कशाला सांगू, घरी जाताना गाडीत मी दहा मिनिटं तो हिशेब केला होता.

मग मुलाला सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. नंतर म्हणाला, "बाबा, पट्टा परत काढू या." पांढरा ऑइलपेंट आणला आणि दोघांनी मिळून दस्त्यावर आणि पुढच्या लाकडावर पट्टे ओढले. बोल्ट कायमचा काढून ठेवला. कारागिराकडून नळीतलं ते भोक पुन्हा उघडून घेतलं, म्हणजे माझ्यानंतर ती कोणाच्याही हातात गेली तरी गोळी झाडण्याचा मोह होऊ नये. आमच्या क्लबात नवीन कोणी आलं की मी ती घेऊन जातो आणि प्रत्येकाला त्या भोकाला बोट लावून बघायला लावतो. तेही कंटाळतात. मी हसत नाही.

त्यानंतर मी आणखी तीन रायफली दुरुस्त केल्या. गंज काढतो, तेल देतो, तुटलेला स्क्रू बदलतो. पण कुठलाही शिक्का, कुठलाही आकडा, लाकडावर कोणा अनोळखी शिपायाने कोरलेली आद्याक्षरंही घासत नाही. पूर्वी मला वाटायचं, दुरुस्ती म्हणजे वस्तू नव्यासारखी करणं. आता वाटतं, तिने जे सोसलंय ते तिच्या अंगावर वाचता आलं पाहिजे, कारण पुढच्या माणसाचा जीव त्यावर अवलंबून असू शकतो.

चार वर्षांपूर्वी इरी सरोवराकाठी कॅम्प पेरीला जुन्या लष्करी रायफलींच्या स्पर्धेत मी आणि माझा मुलगा शेजारी-शेजारी आडवे पडून दोनशे यार्डांवर नेम धरत होतो. त्याचे गुण माझ्यापेक्षा पुष्कळ जास्त आले. संध्याकाळी रायफली गाडीत ठेवण्याआधी त्याने मला न विचारता थर्मास उघडला. आत गरम पाणी होतं. नरसाळंही त्याने आठवणीने आणलं होतं.

उस्ताद आज आपल्यात नाहीत. त्यांना हे सांगायचं राहून गेलं, म्हणून तुम्हाला सांगितलं.

जाता जाता एकच. इथे उभा राहून समोर बघतो तर तुम्हा सगळ्यांच्या डोक्यावर पांढरा पट्टा दिसतोय, माझ्याही आहे. म्हणजे आपण आता डीपी झालो, फक्त कवायतीपुरते! काहींनी तो काळ्या रंगाने बुजवलाय, हेही मला इथून दिसतंय. त्यांना उस्तादांच्या वतीने सांगतो, पट्टा झाकू नका. पुढच्यांना कळू द्या.