दामाजीपंतांची पावती

शाळेचे संमेलन किंवा गावची जत्रा जवळ आली, की गुरुजींना पहिली चिंता पडते ती नाटकाची. मग कोणी तरी जुने नाव सुचवतो : दामाजीपंत. महिपतींनी ‘भक्तविजया’त सांगितलेले हे आख्यान कीर्तनकारांनी घरोघर पोहोचवले आहे. आपल्या नांदेड-लातूरकडच्या माणसाला तर ते जवळचेच. ज्या बिदरच्या दरबारात या कथेचा निकाल लागतो, ते बिदर उदगीर ओलांडले की आलेच!

कथा आपणांस ठाऊक आहे. पंधराव्या शतकातला मोठा दुष्काळ. मंगळवेढ्याचे अधिकारी दामाजीपंत. दाराशी माणसे मरू लागली, तेव्हा पंतांनी हुकुमाची वाट न पाहता सरकारी कोठारे उघडली. बादशहाचे शिपाई त्यांना धरायला निघाले. इतक्यात विठू महार नावाचा माणूस बिदरला गेला, त्याने मोहरांची थैली ओतली, धान्याची किंमत चुकती केली आणि पावती घेतली. तो विठू म्हणजे साक्षात पंढरीचा विठोबा, असे कथा सांगते. टाळ्या पडतात, पडदा पडतो.

मी मात्र इथेच अडखळतो. धान्य वाटले एका भल्या माणसाने, पैसे भरले देवाने. मग गावाने काय केले?

हा प्रश्न मला पडला तो २०१६ च्या उन्हाळ्यात. लातूरला मिरजेहून आगगाडीने पाणी येत होते. १२ एप्रिलला पहिली गाडी आली, तिच्या दहा वाघिणींत पाच लाख लिटर पाणी होते. त्याच दिवसांत एका गावच्या जत्रेत मुलांनी दामाजीपंत केले. पंतांना जरीचा शेला. भुकेल्यांना फाटके कपडे, आणि काम एवढेच, की हात पसरून ओरडायचे. लोक हसत होते. त्या घोळक्यात एक मुलगा होता. सकाळी तो टँकरपाशी घागर घेऊन उभा असलेला मी पाहिला होता. गुरुजी विंगेतून खुणावत राहिले, पण त्याने हात काही पुढे केला नाही. पाठीशीच बांधून ठेवला.

त्या मुलाला जे कळले, ते आपल्या नाटकाला कळलेले नव्हते.

घरच्या वडीलधाऱ्यांना १९७२ विचारा. मिलो खाऊन दिवस काढले, कामावर सुकडी मिळाली, हे ते सांगतील. पण त्यांनी खडी फोडली, पाझर तलावांची माती डोक्यावरून वाहिली, हेही सांगतील. ती भीक नव्हती, मजुरी होती. त्यातूनच रोजगार हमी उभी राहिली. तिचा कायदा १९७७ साली झाला आणि २६ जानेवारी १९७९ पासून अमलात आला. मागेल त्याला काम देणे सरकारवर बंधनकारक झाले. पुढे २००५ साली साऱ्या देशासाठी तसा कायदा झाला. दामाजीपंतांनी जे जिवावर उदार होऊन केले, ते महाराष्ट्राने कायद्यात लिहिले.

आणि मोहरांची थैली? तीही सापडते. या योजनेला पैसा हवा म्हणून १९७५ साली राज्याने व्यवसाय कर बसवला. पगारदार, व्यापारी, वकील, डॉक्टर, सर्वांवर. गुरुजी, आपले पगारपत्रक एकदा काढून बघा. त्या करापोटी कापलेली रक्कम त्यात दिसेल. विठूची पावती ती हीच! खडी फोडणाऱ्या बाईच्या मजुरीत आपलाही वाटा पडत आला आहे. एरवी हे आपल्या ध्यानीमनीही नसते.

तेव्हा पुढच्या खेपेला हे नाटक बसवाल तर विठोबाला जरूर आणा, पण गावाला हात जोडून बसवू नका. खर्च काही नाही. भुश्श्याची दहा पोती करा आणि कोठार उघडले की ती प्रेक्षकांतून हातोहात पुढे जाऊ द्या. सावड करणाऱ्या आपल्या माणसांना हे शिकवावे लागत नाही. भुकेल्यांना धडके कपडे द्या, नावे द्या, बोलणे द्या.

आणि हात न पसरणारा एखादा मुलगा आपल्या वर्गात असेल, तर त्याच्यावर रागावू नका. त्याच्या तोंडी एकच वाक्य घाला : ‘पंत, आम्हांला काम सांगा.’