कच्चं परक्याचं, पक्कं आपलं

आपल्या दोंडाईच्याच्या बाजारातला मिरचीचा व्यापारी ओली लाल मिरची घेतो, पथारीवर वाळवतो आणि विकतो. ओलीचा भाव त्याच्या हाती नाही, वाळलेलीचाही नाही. त्याची कमाई मधल्या फरकात. तेल शुद्धीकरणाचा धंदा नेमका असाच आहे.

लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी ८५ टक्क्यांहून अधिक आपण बाहेरून आणतो. तरीही डिझेल, पेट्रोल, विमानाचं इंधन असा सुमारे सहा कोटी टन माल वर्षाला परदेशी विकतो. घरात विहीर नसलेल्यानं गावाला पाणी विकावं, तसं हे! हे जमतं कसं?

तेल सगळं सारखं नसतं. पातळ, कमी गंधकाचं महाग. जड, गंधकाचं स्वस्त. साध्या कारखान्यात जड तेल घातलं की तळाला डांबरासारखा गाळ फार उरतो. जामनगरला १९९९ मध्ये सुरू झालेला कारखाना हा गाळही फोडून त्याचं डिझेल करतो. २००८ मध्ये शेजारीच, निर्यात डोळ्यांपुढे ठेवून, दुसरा उभा राहिला. दोन्ही मिळून रोज १२ लाख पिंपांहून अधिक तेल रिचवतात. शिवाय समुद्र दाराशी. कच्चं उतरतं तिथूनच पक्कं निघतं.

आपले माहुलचे कारखाने १९५४-५५ चे. तेव्हा ती जागा मुंबईबाहेर होती, आज शहरानं वेढली आहे. वाढणार कुठे? रत्नागिरीचा प्रकल्प नाणारहून बारसूला गेला, पण कागदावरच राहिला. आंबा आणि मासळीवर जगणाऱ्यांची भीती मला तरी खोटी वाटत नाही.

निर्यात वाढली की आपल्या पंपाचं काय? २०२२ मध्ये युक्रेन युद्धामुळे बाहेर डिझेलला मोठा भाव होता आणि इथले दर गोठलेले. खासगी पंप अनेक राज्यांत कोरडे पडले, तेही ऐन पेरणीत. सरकारनं १ जुलैला डिझेलच्या निर्यातीवर लिटरला १३ आणि पेट्रोलवर ६ रुपये कर लावला; काही माल देशातच विकण्याची अटही घातली. मला ते रास्त वाटलं. मात्र पुढे कर दर पंधरवड्याला बदलू लागला. अशानं परदेशी गिऱ्हाइकाशी पुढचा सौदा कसा करायचा? डिसेंबर २०२४ मध्ये तो कर गेला.

मग नवी अडचण आली. मधल्या काळात आपले कारखाने स्वस्त रशियन तेल भरपूर घेऊ लागले होते. अशा तेलापासून केलेलं इंधन २१ जानेवारी २०२६ पासून घ्यायचं नाही, असं युरोपीय संघानं जुलै २०२५ मध्ये ठरवलं. म्हणजे आता डिझेल चांगलं असून भागत नाही. ते कोणाच्या विहिरीतल्या तेलाचं, याचा कागदही सोबत द्यावा लागतो.