युरोपची रेल्वे आणि सासूबाईंची बॅग

यवतमाळच्या बाईने युरोपातल्या रेल्वेप्रवासावर बोलावे, ही तशी गंमतच आहे. आमच्या वाट्याला रेल्वे आली ती शकुंतला. मूर्तिजापूर ते यवतमाळ ११३ किलोमीटर, नॅरोगेज. वऱ्हाडातला कापूस बंदरापर्यंत आणि तिथून मँचेस्टरला जावा म्हणून इंग्रज कंपनीने टाकलेली ही लाइन. तिचे वाफेचे इंजिनही १९२१ साली मँचेस्टरलाच तयार झालेले, आणि ते १९९४ पर्यंत धावले. माझ्या सासूबाई लग्न होऊन दारव्ह्याहून यवतमाळला आल्या त्या याच गाडीने. पुढे तीही बंद पडली. वर्ध्याहून येणारी ब्रॉडगेज २०२४ च्या फेब्रुवारीत कळंबपर्यंत पोचली, पण मुंबईला जायचे तर आम्ही आपले धामणगाव गाठतो.

युरोपला जायचे ठरले तेव्हा घरात टूर कंपनीचे माहितीपत्रक आले. दहा दिवस, सात देश, सगळे बसने. रोज सकाळी सहाला बॅगा दाराबाहेर. सासूबाईंचे वय ६८, गुडघे दुखरे. मुलगी चौदा वर्षांची, मुलगा नऊ. मुलीने नकाशा पसरला आणि म्हणाली, आपण रेल्वेने जाऊ. तिने सहा शहरे जोडून रेघही मारली.

तारखा मात्र शेतीने ठरवल्या. आमची शेती दारव्ह्याजवळ आहे. ७ जूनला मृग लागतो, त्याच्या आत परत आलेच पाहिजे, असे ह्यांनी बजावले. विदर्भातल्या शाळा उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा उघडतात, तेव्हा तो प्रश्न नव्हता. म्हणून मेचा दुसरा पंधरवडा धरला. इकडे पारा ४४-४५ वर, तिकडे रात्री नऊपर्यंत उजेड आणि जुलै-ऑगस्टपेक्षा गर्दी कमी.

एका रविवारी आम्ही भरलेल्या बॅगा घेऊन धामणगाव स्टेशनवर गेलो. जायचे कुठेच नव्हते. फक्त पुलावरून पलीकडच्या फलाटावर जाऊन यायचे, आपापले सामान आपण उचलून. कारण तिकडे हमाल मिळेल असे धरून चालता येत नाही. सासूबाई सात-आठ पायऱ्या चढल्या आणि बॅगेवरच बसल्या. घरी आल्यावर शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही जा. मी घर सांभाळते." त्या रात्री आमच्या घरात कोणी नीट जेवले नाही. त्यांच्या मुदत ठेवीचे पैसेही या प्रवासात होते, हे सांगायला हवे.

दुसऱ्या दिवशी मुलीनेच सहातली तीन शहरे खोडली. पॅरिस चार रात्री, स्वित्झर्लंडमध्ये ल्युसर्नला सहा, व्हेनिसला तीन. सामान घेऊन फिरायचे फक्त मुक्काम बदलताना, बाकी दिवस खांद्याला एक पिशवी. पॅरिसमध्ये खोली गार द ल्यों स्टेशनजवळ पाहिली, कारण स्वित्झर्लंडची गाडी तिथूनच सुटते. पॅरिसला मोठी स्टेशने अनेक आहेत, आणि बॅगा घेऊन मेट्रोचे जिने चढणे म्हणजे धामणगावचा पूल पुन्हा पुन्हा. व्हेनिसच्या कालव्यांवर पायऱ्यांचे पूल आहेत. म्हणून मुक्काम जमिनीवरच्या मेस्त्रेला केला. तिथून व्हेनिस रेल्वेने दहाएक मिनिटांवर.

आता तिकिटांचे. युरेल पास हे नाव सगळ्यांनी ऐकलेले असते. साठीपुढे सवलत, बारा ते सत्तावीस वयाला वेगळा कमी दर, आणि मोठ्यांबरोबर अकरा वर्षांपर्यंतच्या मुलाचा पास फुकट. वाचायला छान वाटते. पण पास म्हणजे जागा नव्हे. फ्रान्सच्या टीजीव्हीला आणि इटलीच्या वेगवान गाड्यांना जागेचे आरक्षण वेगळे पैसे भरून करावेच लागते. आमचे लांबचे प्रवास मोजकेच उरले होते, तेव्हा पास परवडेना. पॅरिस-बाझल आणि मिलान-व्हेनिस ही तिकिटे सुटी काढली. ती विमानासारखी असतात, जितकी लवकर तितकी स्वस्त. स्वित्झर्लंडपुरता सहा दिवसांचा स्विस ट्रॅव्हल पास घेतला. त्यात रेल्वे, बस, तलावातल्या बोटी सगळे येते, आणि आईवडिलांबरोबर सहा ते पंधरा वयाची मुले फुकट. तिथल्या बहुतेक गाड्यांना आरक्षण लागतच नाही. वेटिंग लिस्टवर वाढलेल्या माणसाला हे पटायला वेळ लागतो.

ह्यांना युंगफ्राउयोखला जायचे होते. ३,४५४ मीटर उंची, आणि पासवर सवलत पंचवीसच टक्के. मी रिगी सुचवले. १८७१ पासून तिथे दातेरी रुळांची गाडी चालते, उंची १,८०० मीटरच्या आत, आणि पासमध्ये पूर्ण फुकट. थोडे वाजले आमचे, पण रिगीच ठरले.

खरी दमछाक व्हिसाने केली. शेंगेन व्हिसा एकच, पण अर्ज त्या देशाकडे, जिथे जास्त रात्री राहणार. म्हणजे आमच्यासाठी स्वित्झर्लंड. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. उन्हाळ्याच्या तारखा भराभर संपतात, म्हणून आम्ही फेब्रुवारीतच मुंबईला जाऊन बोटांचे ठसे देऊन आलो. मोठ्यांची फी ९० युरो, सहा ते अकरा वयाची ४५, आणि नकार आला तरी परत मिळत नाही. किमान ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा लागतो. सासूबाईंच्या पासबुकावर माहेरचे नाव आणि पासपोर्टवर सासरचे! ते जुळवण्यात तीन आठवडे गेले. ज्यांच्या घरी वडीलधारी बाई येणार असेल त्यांनी सगळ्यात आधी हेच बघावे. शिवाय १२ ऑक्टोबर २०२५ पासून तिकडच्या सीमेवरही ठसे नि फोटो घेण्याची पद्धत सुरू झाली आहे, तेव्हा विमानतळावर जास्तीचा वेळ हाताशी ठेवावा.

खाण्याचे थोडक्यात सांगते. तूप, पेढे, खव्याचे काही नेऊ नका, दुधाचे पदार्थ तिकडे चालत नाहीत. भाजणी आणि कोरडी चटणी न्यावी. आम्ही स्वयंपाकघर असलेल्या खोल्या घेतल्या होत्या.

निघण्याच्या आदल्या रात्री सासूबाईंनी विचारले, "तिकडची गाडी थांबते का वं आपल्यासाठी?" शकुंतला थांबायची म्हणे, शेतातून पळत येणाऱ्या माणसासाठी. मी सांगितले, थांबत नाही. फ्रान्समध्ये तर सुटायच्या दोन मिनिटे आधी दारे बंद होतात. तेव्हापासून प्रत्येक स्टेशनवर आमच्या आधी अर्धा तास त्याच तयार! पॅरिसला आम्ही फलाटाचा नंबर लागायची वाट पाहत होतो, आणि त्या नातवाला बॅगेचे हँडल घट्ट धरायला सांगत होत्या.

१ जूनला सकाळी धामणगावला उतरलो. पूल चढायचा होताच. ह्यांनी दोन बॅगा उचलल्या, तिसरी सासूबाईंनी कोणाला दिली नाही. संध्याकाळी हे सरकीचे बियाणे आणायला बाजारात गेले होते.